शेजारच्या हद्दीतील मोठ्या पुनर्विकासावर आपल्या नगरपरिषदेने घेतलेल्या हरकतीला काही अर्थ असतो का?

आपला प्रश्न असा आहे की, हद्दीपलीकडची जुनी गृहवसाहत पाडून तिथे कितीतरी पट मोठी वसाहत उभी राहणार आहे आणि आपल्या परिषदेने त्यावर लेखी हरकत नोंदवली आहे. पण परवानगी देणारी संस्था वेगळी असताना या हरकतीला वजन आहे, की हा केवळ राजकीय देखावा आहे? अशा हरकतींची छाननी करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. हरकतीला वजन असते, मात्र ते परिषदेच्या ठरावातील संतापाला नसून सोबत जोडलेल्या आकडेवारीला असते.

अडचणीचे मूळ हद्दीच्या रेषेतच आहे. मालमत्ता कर आणि विकास शुल्क रेषेच्या एकाच बाजूला जमा होते. वाहने, सांडपाणी आणि शाळेत प्रवेश मागणारी मुले मात्र रेषा पाहून थांबत नाहीत. कायद्यांनीही हे ओळखले आहे. इंग्लंडमध्ये 2011 च्या स्थानिकता कायद्याने शेजारच्या नियोजन संस्थांवर आराखडे करताना परस्पर सहकार्याचे कर्तव्य घातले. देशादेशांच्या सीमेवरील प्रकल्पांसाठी 1991 मध्ये फिनलंडमधील एस्पो येथे झालेल्या करारानेही, ज्याच्या भूमीवर परिणाम होणार त्या शेजाऱ्याला आधी कळवावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे, असे ठरवले. अर्थात, म्हणणे ऐकणे म्हणजे नकाराधिकार देणे नव्हे.

माझ्या मते सर्वांत कळीचा मुद्दा तुलनेच्या आधाराचा असतो, आणि नेमका तोच बहुतेक हरकतींत सुटतो. समजा, जुन्या वसाहतीत 600 घरे होती आणि नव्या वसाहतीत 2400 होणार आहेत. विकासक 600 वजा करून 1800 घरांचाच वाढीव भार दाखवतो. पण जुनी घरे रिकामी करून पाच-सात वर्षे झाली असतील, तर आज रस्त्यावर आणि गटारात त्यांचा भार शून्य आहे, आणि मधल्या काळात ती मोकळी झालेली क्षमता दुसऱ्याच इमारतींनी वापरलेली असू शकते. 1800 घरेच धरली, तरी घरटी अडीच माणसे आणि माणशी रोज 125 लिटर पाणी या हिशेबाने दिवसाला साडेपाच लाख लिटरांहून अधिक सांडपाणी वाढते, आणि त्यातील मोठा वाटा सकाळच्या दोन-तीन तासांत येतो. जुनी नळवाहिनी दिवसाच्या सरासरीवर तुंबत नाही, ती त्या तासांत तुंबते. म्हणून परिषदेने हद्दीवरच्या मॅनहोलमधील प्रवाह सकाळी आणि पावसाळ्यात मोजून घेतला आहे का, हे आधी पाहावे.

वाहनांचेही तसेच आहे. माझ्यासमोर एकदा आलेल्या अहवालात वाहनगणती शाळांना सुट्टी असताना केलेली होती, आणि तारखा परिशिष्टाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होत्या. चौक आधीच क्षमतेच्या काठावर असेल, तर थोड्याशा वाढीनेही रांग कितीतरी पटींनी लांबते. त्यामुळे ‘केवळ पाच टक्के वाढ’ हे वाक्य धीर देण्यासाठी पुरेसे नाही. सावली आणि उंचीच्या तक्रारी खऱ्या असतात, पण त्या हद्दीलगतच्या मोजक्या घरांपुरत्या राहतात, त्यामुळे त्यांवर अर्धे निवेदन खर्च करू नये. ‘आपल्या भागाचे स्वरूप बिघडेल’ या वाक्याने तर हरकत दुबळीच होते, कारण त्यामागे नव्या रहिवाशांविषयीची नाराजी वाचणाऱ्याला लगेच दिसते.

मागणी काय केली आहे, हेही तपासावे. घरांची गरज खरी असताना ‘प्रकल्प रद्द करा’ ही मागणी सहसा फेटाळली जाते. ‘इतकी घरे राहती होण्याआधी इतके काम पूर्ण करा’ ही अट मात्र मान्य होऊ शकते. लंडनमधील नाइन एल्म्सचा पुनर्विकास वाँड्सवर्थ आणि लँबेथ या दोन बरोंमध्ये, म्हणजे स्वतंत्र परिषदा असलेल्या विभागांमध्ये, पसरलेला आहे. तिथे भुयारी रेल्वेचा फाटा वाढवण्यासाठी विकासकांचे अंशदान आणि त्या भागातील व्यावसायिक जागांवरचा भावी कर यांचा आधार घेण्यात आला. तरीही फाटा सुरू झाला सप्टेंबर 2021 मध्ये, आणि तोवर कित्येक इमारतींत लोक राहायला आलेले होते. त्यामुळे आपल्या परिषदेच्या निवेदनात टप्प्यांचा क्रम आणि आपल्या हद्दीतील कामांसाठीच्या निधीचा वाटा स्पष्ट लिहिलेला नसेल, तर हरकतींची मुदत संपण्यापूर्वी पुरवणी पत्र देण्यास नगरसेवकांना सांगावे.