जबाबदारी ‘समान’ की ‘सामाईक’?

प्रश्न असा आहे : हवामान परिषदांच्या बातम्यांत ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ असे छापून येते. जबाबदारी समान असेल तर ती भिन्न कशी? आणि त्याच बातम्यांतल्या ‘इक्विटी’ला समता म्हणायचे, समानता की आणखी काही?

पहिला घोळ ‘समान’ने घातला आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातल्या तिसऱ्या कलमात ‘कॉमन बट डिफरन्शिएटेड रिस्पॉन्सिबिलिटीज’ असे शब्द आहेत. यातला ‘कॉमन’ म्हणजे सारखा नव्हे, तर सगळ्यांचा मिळून. त्याला आपल्याकडे ‘सामाईक’ हा शब्द आयता आहे. सामाईक जमिनीत एकाचा हिस्सा बारा आणे आणि दुसऱ्याचा चार आणे असला, तरी ती सामाईकच असते. वातावरणही तसेच सामाईक, पण ते बिघडवण्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा.

त्याच ओळीत पुढे ‘रिस्पेक्टिव्ह कॅपॅबिलिटीज’ येते. तिचे ‘संबंधित क्षमता’ करतात. कशाशी संबंधित, ते देव जाणे! ‘आपापल्या’ हा शब्द हाताशी असताना ही कसरत कशाला? ‘सामाईक पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आणि आपापली क्षमता’ एवढे पुरे.

हा नुसता शुद्धलेखनी काथ्याकूट नाही. या वेगळेपणावरच तर सगळी रस्सीखेच चालते. १९९७ च्या क्योटो करारात उत्सर्जन कपातीची बंधनकारक उद्दिष्टे फक्त विकसित देशांना होती. अमेरिकेने तो करार संमतच केला नाही. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपण ठरवायचे असे झाले आणि जुन्या शब्दांना ‘वेगवेगळी राष्ट्रीय परिस्थिती लक्षात घेऊन’ ही पुस्ती जोडली गेली. विकसित आणि विकसनशील यांच्यातली रेघ त्यामुळे पुसट झाली. अशा वादात ‘समान’ लिहिणारा अनुवादक नकळत एका बाजूला जाऊन बसतो, कारण वाचकाला आधी ‘सगळ्यांनी सारखेच करायचे’ हेच ऐकू येते.

आता ‘इक्विटी’. (शेअर बाजारातली सोडून द्या.) ‘समानता’ नको, संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, तो शब्द ‘इक्वॉलिटी’कडे गेला. ‘समता’ही त्याच घरातली. ‘न्याय’ चालेल, पण मग ‘क्लायमेट जस्टिस’ला काय म्हणणार? मी ‘समन्याय’ सुचवेन. कायद्याच्या मराठीत तो आहे आणि ‘समन्यायी पाणीवाटप’ हा प्रयोग बातम्या वाचणाऱ्यांना परका नाही. गरजेप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे वाटणी हा अर्थ त्यात नीट बसतो.

जाता जाता, न विचारलेला एक शब्द. हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठीच्या ‘लॉस अँड डॅमेज’ निधीला सर्रास ‘नुकसानभरपाई निधी’ म्हणतात. मराठीत नुकसान म्हटले की भरपाई मागोमाग येतेच, पण नेमकी तीच श्रीमंत देशांना नको होती. पॅरिसमध्ये कराराबरोबर जो ठराव झाला, त्याच्या ५१ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की करारातले याविषयीचे आठवे कलम दायित्वाला किंवा भरपाईला आधार ठरणार नाही. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत निधी मान्य झाला, तोही देणाऱ्यांनी दोष कबूल न करता. म्हणून ‘हानी-नुकसान निधी’ लिहावे. ‘हानी’ आणि ‘नुकसान’ यांत मराठीत फारसा फरक नाही हे खरे, पण न दिलेले आश्वासन तरी त्यात शिरत नाही. उलट, १९९१ मध्ये लहान बेटराष्ट्रांच्या वतीने वानुआतूने समुद्रपातळीच्या वाढीसाठी विमा निधी मागितला, तेव्हापासून चालत आलेल्या मागणीबद्दल लिहिताना एखादा प्रतिनिधी ‘भरपाई द्या’ म्हणत असेल, तर त्याच्या तोंडी भरपाईच ठेवा. तिथे तो शब्द मवाळ करू नका.