हे ‘पोरं सांभाळायचं काम’ नाही

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातली. बारावी सायन्स झाली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. मावशी अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे उशिरा चालणारी-बोलणारी मुलं बघितली, त्यांच्यासाठीच काम करावंसं वाटतं. पप्पा म्हणतात, पोरं सांभाळण्यापेक्षा नर्सिंग कर.

उत्तर : नर्सिंग चांगलंच आहे, पण तुझं मन तिकडे नाही.

पप्पांना सांग, या कामाला सरकारी चौकट आहे. २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासतात आणि शंका आली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत पाठवतात. तिथे फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक लागतात. जागा बहुतेक कंत्राटी असतात, हे मात्र आधीच माहीत असू दे.

आता खरं काम. चौदा महिन्यांचं बाळ बसत नाही. आजी म्हणते, “याचा बापबी उशिराच चालला!” आणि त्याला मांडीवरून खाली ठेवत नाही. अशा वेळी तू बाळाआधी आजीला जिंकायचं. गोधडीची गुंडाळी बाळाच्या छातीखाली द्यायची, समोर वाटी-चमचा वाजवायचा, मान वर करून ते हात पुढे करतंय का बघायचं. मग तेच आजीच्या हातून करून घ्यायचं, कारण तू महिन्यातून एकदा भेटणार, आजी रोज घरात. कापूस वेचणीत आईला उसंत नसते, दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात आणि उपचार तुटतात. त्यावर तोडगा काढणं हाही नोकरीचाच भाग. लहानपणापासून अहिराणी कानावर असेल तर इथे तिचा मोठा उपयोग होईल. धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलीस तर पावरी, भिलीही शिकून घे.

वाटा दोन. राज्याच्या सीईटी सेलमार्फत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच्या उपचारांची पदवी, यांच्या जागा नीटच्याच गुणांवर भरतात, तेव्हा दिलेली परीक्षा वाया गेलेली नाही. मी तुझ्या जागी असते तर बीएएसएलपी आधी बघितलं असतं. ऐकू न येणारं बाळ सहा महिन्यांच्या आत मदतीपर्यंत पोचलं तर त्याच्या बोलण्यात फार फरक पडतो, आणि आपल्या भागात हे काम करणारी माणसं कमीच. प्रवेश हुकला तर विशेष शिक्षणातलं दोन वर्षांचं डी.एड. आहे. फक्त बीएएसएलपी असो की हे डी.एड., कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः तपास. परिषदेकडे नोंदणी झाली नाही तर त्या कागदाला नोकरीत किंमत नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी लावलेल्या संस्थांपासून चार हात लांबच राहा.

फॉर्म भरण्याआधी मावशीला विचार, पथक कधी येतंय. त्या दिवशी अंगणवाडीत बस. मग धुळ्याला जिल्हा रुग्णालयात जाऊन केंद्रात एक सकाळ बसू देतील का विचार. पप्पांनाही सोबत ने.