तारखेशिवाय रेघ ओढू नकोस

बाळा,

रविवारी तू मोबाइलवर दाखवलास तो, रेल्वेनं कुठंकुठं गेलीस त्याचा नकाशा डोक्यातून जात नाही. नागपूर ते मुंबई एक जाड लाल रेघ, गोंदियाकडे एक, बल्लारशाकडे एक आणि नागभीडच्या बाजूला नुसतं कोरं. जिना उतरताना थांबून तू विचारलंस, रात्री झोपेत गेलेला मार्ग धरायचा का? आईच्या मांडीवर बसून नागभीडला गेले होते, ती छोटी लाइनच आता उखडली, मग ती दाखवायची कशी? आणि ॲप कोणतं घेऊ? तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून आता लिहितो. असा नकाशा करावा की नाही, त्यात काय मिळतं, हे मी सांगत बसणार नाही. तुला नाद आहे, मलाही आहे. विषय संपला.

माझं सांगणं एकच आहे. रेघेवर तारीख टाक. कुठल्या स्टेशनापासून कुठल्या स्टेशनापर्यंत आणि कोणत्या दिवशी. तुझे तिन्ही प्रश्न तारीख नसल्यामुळे पडलेत.

नागभीडचंच घे. नागपूरच्या इतवारी स्टेशनाहून उमरेड, भिवापूर करत जाणारी ती नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, रुंद रुळांची ब्रॉडगेज करायला. रूळ गेले म्हणून तू ती रेघ पुसलीस. का? तू गेली होतीस ना? नकाशा तुझ्या प्रवासाचा आहे, रेल्वेकडे आज काय शिल्लक आहे त्याचा नाही. बारीक रेघ काढ, शेजारी दोन रुळांमधलं अंतर, '७६२ मि.मी.', लिही आणि तारीख टाक. उद्या त्याच गावांवरून १६७६ मि.मी.च्या रुळांवर जाशील तेव्हा शेजारून दुसरी रेघ ओढशील, दुसऱ्या तारखेची. पहिली तिथंच राहील.

तारीख आठवत नाही म्हणालीस. मग शोध. आईला विचार की कोणाच्या लग्नाला गेलो होतो. पत्रिका एखाद्या ट्रंकेत असेल. तू बालवाडीत होतीस की पहिलीत, पावसाळा होता की उन्हाळा, एवढं तरी कोणाला आठवेल. नुसतं साल मिळालं तर 'सुमारे' लिहून साल टाक. पण कोरं ठेवू नकोस. घरातली माणसं आहेत तोवर विचारून घे, नंतर सांगणारं कोणी उरत नाही.

लाइन बदलते हे काही आजचं नाही. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, गाडी भुसावळकडून नागपूरला आली १८६७ मध्ये. पूर्वेकडे राजनांदगावची लाइन १८८०च्या दशकात झाली ती मीटरगेज, रुळांत एक मीटर अंतर असलेली. पुढे १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिनं ती ब्रॉडगेज केली. म्हणजे १८८५ ला राजनांदगावला गेलेला माणूस आणि १८९५ ला गेलेला माणूस वेगवेगळ्या रुळांवरून गेले. त्यांनी नुसती 'नागपूर–राजनांदगाव' अशी रेघ ओढली असती, तर आपल्याला काय कळलं असतं? छिंदवाड्याचंही तेच. सावनेर, सौंसर, रामाकोना करत डोंगरात शिरणारी छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. ब्रॉडगेज तुकड्यातुकड्यानं सुरू झाली आणि भंडारकुंड–भिमालगोंदीचा घाट शेवटी जोडला गेला. मधल्या काळात कोणी नुसतं 'छिंदवाडा लाइन केली' म्हणालं की मी लगेच विचारतो, कोणत्या तुकड्यापर्यंत आणि कधी? लोकांना राग येतो. येऊ दे.

आमच्या वेळी तारीख आपोआप हातात पडायची. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट असायचं, बोटभर लांबीचं. खिडकीतला बाबू ते लोखंडी यंत्रात सरकवायचा, खट्ट आवाज व्हायचा आणि कडेला तारीख उमटायची. शाई कमी असली तर तिकीट तिरपं धरून उजेडात वाचावं लागे, पण आकड्यांचा दाब कागदात राहिलेला असे. माझ्याकडची काही तिकिटं पिवळी पडून कोपऱ्यात सोलली आहेत, तारीख मात्र अजून वाचता येते. तुझं मशीनमधून निघालेलं तिकीट काही महिन्यांत पुसट होतं आणि मोबाइलवरचं तिकीट मोबाइल बदलला की गेलं. म्हणून त्याच संध्याकाळी, पाय धुऊन झाल्यावर लगेच, वहीत लिही. 'नंतर लिहीन' हे मला सांगू नकोस, त्याचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे.

आता झोपेचं. जागेपणी खिडकीतून पाहिलेला तुकडा सलग रेघेनं काढ, झोपेत गेलेला तुटक रेघेनं. तुझ्या मुंबईच्या प्रवासात वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा जागेपणी गेलं. अकोल्याच्या पुढं केव्हातरी डोळा लागला आणि जाग आली ती कसारा उतरल्यावर, असं तूच म्हणालीस. मग ती सबंध जाड लाल रेघ कशी झाली? परत येताना मुंबईहून दुपारी निघणारी गाडी धर. कसाऱ्याला मागं जादा इंजिनं लागतात आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ गाडी इगतपुरीपर्यंत चढते. हे उजेडात बघ आणि मग तुटक रेघेवरून सलग रेघ फिरव. पहिली तारीख खोडायची नाही. दोन्ही राहू देत.

ॲपबद्दल. ओपनस्ट्रीटमॅपवर लाइनी चांगल्या काढलेल्या आहेत, गिरवायला वापर. पण तो आजचा नकाशा आहे. उद्या कोणी नवा मार्ग भरला की खालचे रूळ सरकतील आणि तुझी रेघ रानात लोंबकळत राहील. मी बटर पेपरवर काढतो, विदर्भाचा एक ताव, त्याला जोडून सातपुड्याचा, खानदेशाचा. तारखा बारीक निबनं. एकानं मला हे सगळं संगणकावर करून देतो म्हणून फार आग्रह केला होता. करूनही दिलं. त्यात रंग होते, एकूण किलोमीटर होते, किती टक्के झालं तेही होतं आणि तारखेला जागाच नव्हती. मी ते परत केलं. मी हट्टी आहे असं घरचेही म्हणतात. पण मुर्तिजापूर–यवतमाळ आणि मुर्तिजापूर–अचलपूर या शकुंतलेच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या गाडीच्या, दोन्ही रेघा माझ्या तावावर तारखांसह आहेत आणि आज तिकडे गाडी नाही. मोतीबागच्या संग्रहालयात नॅरोगेजची इंजिनं नीट राखली आहेत, जाऊन पाहा, पण आपण उमरेडला कधी उतरलो होतो ते तिथं कोणी राखलेलं नाही. ते आपलं आपणच राखायचं. यात माझा हट्ट असेल तर तो मी सोडणार नाही.

माझ्या तावावर पुलगावहून आर्वीकडे रेघ नाही. ती छोटी गाडी चालू होती तेव्हा मी नागपुरातच होतो, पुलगाववरून जायचो. वडिलांचं आजारपण, नोकरी, कधी सुट्टी नाही. मग ती बंद झाली. पुलगाव गेलं की आजही माझी नजर त्या बाजूला जाते. म्हणून तू हैदराबाद, चेन्नई म्हणत होतीस तेव्हा मी मध्येच तोडलं. ती लाइन कुठं पळून जात नाही. जी बंद होणार आहे किंवा नुकती सुरू झाली आहे तिकडे आधी जा.

वर्धा–यवतमाळ–नांदेड लाइनचा पहिला तुकडा, वर्धा ते कळंब, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. देवळी, भिडी, कळंब. लाइन पुढं यवतमाळला पोचली की कळंब हे मधलं स्टेशन होईल. ते शेवटचं स्टेशन आहे तोवर तिथं उतरून ये. वर्ध्याला वेळ विचारून घे, फोनवर विसंबू नकोस. बसायला डावीउजवी कुठलीही खिडकी चालेल, पण जाताना एक आणि येताना दुसरी. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते, तीही उतरव.

पुढच्या रविवारी वही घेऊन ये. बटर पेपरचा एक ताव मी तुझ्यासाठी कापून ठेवतो. आणि येण्याआधी मुंबईची ती लाल रेघ अकोल्यापासून कसाऱ्यापर्यंत तुटक कर.

तुझा,
काका