पित्त, कफ आणि इंग्रजी

प्रश्न : इंग्रजी शब्दांची वही तीनदा सुरू केली. स्वभावाचे शब्द पाठ होतात आणि आठवड्यात उडतात. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, माझी वही तर 'एम'पर्यंत पोचून रद्दीत गेली. घोकू नका, शब्दाची कुळी शोधा. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात 4 द्रव मानत. रक्त जास्त तो 'सँग्विन', म्हणजे प्रसन्न, आशावादी. पिवळं पित्त जास्त तो 'कॉलरिक', तापट. आपलंही पित्त खवळतंच की! काळं पित्त वाढलं की 'मेलन्कली', खिन्नता. कफवाला 'फ्लेग्मॅटिक', म्हणजे थंड, ढिम्म. आमचे धाकटे काका तसेच. दूध उतू जाताना शेजारी उभे राहून म्हणायचे, "गेलं वाटतं." तो शब्द मी कधी विसरले नाही. तुम्हीही एकेका शब्दाला घरातलं एकेक माणूस द्या. वही मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.