बी.प्लॅन की सिव्हिल? येळ्ळूरच्या बारावीवालीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स, गणित बरं आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव बेळगावजवळचं येळ्ळूर. अर्बन अँड रीजनल प्लॅनिंग (शहर आणि प्रदेशाचं नियोजन, त्याची पदवी म्हणजे बी.प्लॅन) शिकायचं मनात आहे, पण मामा म्हणतात आधी सिव्हिल कर, बाकीचं नंतर बघू. शिवाय नोकरी कुठे मिळेल, बेळगावात परत येता येईल का, आणि लॅपटॉप कुठला घ्यावा, हेही विचारलं आहेस. वर दोघांनी "स्कोप नाही" म्हणून एका ओळीत निकाल लावलाय. मी सिव्हिल करून मग एम.प्लॅन केलं आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांत आराखड्यांच्या कामावर राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाक. प्लॅनिंगमध्ये इमारतीचं ड्रॉइंग शिकवत नाहीत, ते आर्किटेक्चर. इथे जमीन, पाणी, रस्ते, घरं, रोजगार आणि कायदा यांची एकत्र मांडणी शिकवतात. वर्गात लोकसंख्याशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, वाहतूक, गृहनिर्माण, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहिती जोडणं), नियोजनाचे कायदे असे विषय असतात. पण खरं शिक्षण स्टुडिओत होतं. दर सेमिस्टरला एखादा भाग, गाव किंवा तालुका देतात. पायी फिरून सर्व्हे करायचा, नकाशे करायचे आणि शेवटी ज्यूरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, उभं राहून आपलं म्हणणं पटवून द्यायचं. रात्री जागाव्या लागतात. सरांनी भरल्या वर्गात नकाशावर फुल्या मारल्या तरी दुसऱ्या दिवशी नव्याने बसण्याची तयारी लागते.

उदाहरण देतो. समज, तुम्हाला बेळगावातलं विणकरांचं वडगाव दिलं. हातात बेस मॅप आणि रंगीत पेन्सिली. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने-कचेऱ्या लाल, मैदानं हिरवी. पहिल्याच गल्लीत घोडं अडतं. पुढच्या सोप्यात आजी तांदूळ निवडतेय, मागच्या खोलीत दोन पॉवरलूम खडखडतायत, माडीवर भाडेकरू. आता रंग कुठला? पिवळा दिलास तर नकाशातून माग गायब. जांभळा दिलास तर आजी कारखान्यात राहते असं कागदावर लिहिलं जातं. पट्टे ओढून मिश्र वापर दाखवता येतो, पण तशी घरं किती, लूम तळमजल्यावर की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सुताची गाडी गल्लीत कुठवर शिरते, हे विचारूनच यावं लागतं. उद्या त्या पट्ट्यावर निव्वळ रहिवासी झोन पडला तर परवान्यापासून वाढीव वीजजोडणीपर्यंत त्या माणसाच्या मागे शुक्लकाष्ठ लागू शकतं. एका पेन्सिलीच्या रंगावर एवढं अवलंबून असतं. हे वाचून तुला "अजून सांगा" वाटत असेल तर विषय तुझा आहे. "एवढं काय त्यात" वाटत असेल तर मामांचं ऐक, सिव्हिल चांगलंच आहे.

तू येळ्ळूरची, म्हणजे निम्मा अभ्यासक्रम तुझ्या बांधावर आहे. बळ्ळारी नाला नकाशात एक निळी रेघ आहे. आषाढात तो शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात कसा पसरतो आणि भाताची रोपं कशी कुजतात, हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. प्लॅनिंगमध्ये पुढचं शिकशील: वरच्या अंगाला शहर वाढलं, जमीन काँक्रीटखाली गेली की तेच पावसाचं पाणी किती वेगाने आणि किती जास्त खाली येतं, आणि पात्राच्या कडेला किती जागा मोकळी सोडावी लागते. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी एवढी वर्षं विरोध केला. त्याकडेही रस्ता हवा की नको एवढ्याच नजरेने बघू नकोस. दुसरी कुठली आखणी शक्य होती, तिथे किती सुपीक जमीन जाते, भरपाई कशावर ठरते, हे सगळं मांडायला लागतं. घरच्या कुणाची जमीन त्यात असेल तर शांत डोक्याने मांडणं अवघड जाईल, हेही सांगून ठेवतो.

शहरातही कमी नाही. एकाच बेळगावात महापालिका, बुडा (नगर विकास प्राधिकरण) आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड. कॅन्टोन्मेंट तर केंद्राच्या कायद्याखाली. त्यात शहराला चिकटलेल्या ग्रामपंचायती. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला वाहतुकीचा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जानेवारी 2016मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव आलं. त्याआधी हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबर इथल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी देऊन दाखवलं होतं आणि त्यावर देशाबाहेरही लिहिलं गेलं. बाहेरच्या कॉलेजातले प्राध्यापक तुला याबद्दल विचारतील. उत्तर तुझ्याकडे असायला हवं.

आता आपल्या भागाची खरी गोम. रीजनल प्लॅनिंगमध्ये आधी शिकवतात की माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला कुठे जातात त्यावरून प्रदेश ठरतो. जर्मन भूगोलतज्ज्ञ ख्रिस्टालरने 1933मध्ये याचीच रीतसर मांडणी केली. त्या हिशेबाने महाराष्ट्रातल्या चंदगडचा बराच भाग बेळगावच्या पदरात येतो आणि कर्नाटकातल्या निपाणीचा ओढा कोल्हापूरकडे. पण आराखडा काढायला बसलं की नकाशा राज्याच्या हद्दीवर संपतो. पलीकडे कोरा कागद! एसटी भरून माणसं येतात, ऊस येतो, पेशंट येतात, आणि ते जिथून येतात ती गावं आपल्या आकडेवारीत नाहीत. इकडे 1961चा कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, तिकडे महाराष्ट्राचा 1966चा. इकडे मास्टर प्लॅन दर 10 वर्षांनी सुधारायचा, तिकडे विकास आराखडा 20 वर्षांनी. सीमावादाबद्दल कुणाचं काहीही मत असो, दोन्हीकडचा कायदा आणि दोन्हीकडचे उतारे वाचता येणारा प्लॅनर फार क्वचित सापडतो. तुला सातबाराही कळेल आणि कन्नडमधली पहाणी, म्हणजे इकडचा जमिनीचा उताराही. सर्व्हेला गेलीस की एका घरी मराठी, दुसऱ्या घरी कन्नड, तिसऱ्या घरी उर्दूमिश्रित हिंदी बोलशील. पुण्या-दिल्लीच्या पोरांना त्यासाठी दुभाषी लागतो.

आता वाटा. बी.प्लॅन चार वर्षांचं. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसाठी (एसपीए) जेईई मेनचा पेपर 2बी द्यायचा: गणित, अॅप्टिट्यूड आणि नियोजनावरचे प्रश्न. फिजिक्स-केमिस्ट्री त्यात नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा प्रवेश त्यांच्या पद्धतीने होतो. पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातही नियोजनाची पदवी आहे. जेईई मराठीतून द्यायची असेल तर परीक्षाकेंद्र महाराष्ट्रातलं निवडावं लागतं. बेळगाव केंद्र घेतलंस तर मराठी पेपर मिळत नाही. तरी माझं मत विचारशील तर इंग्रजीतूनच दे. पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत आहे, सवय आत्ताच लाव.

दुसरी वाट मामांची: चार वर्षं सिव्हिल, मग गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपर देऊन दोन वर्षांचं मास्टर्स. खरगपूर आणि रुरकी आयआयटीत ते आहे, एसपीएंमध्येही आहे. एम.प्लॅनला भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी घेतात. म्हणजे यंदा जेईई फसली तरी दार बंद होत नाही. मी स्वतः सिव्हिलमार्गे गेलो, तरी तुला बी.प्लॅनच सुचवेन, कारण तुझ्या प्रश्नात गावाबद्दल जास्त होतं आणि पुलाबद्दल काहीच नव्हतं. एसपीए मिळाली नाही आणि फी भरून कुठल्यातरी नवख्या खासगी कॉलेजात बी.प्लॅन घ्यायची वेळ आली तर मात्र सिव्हिल घे. शिकवणारे प्लॅनर नसतील तर स्टुडिओला काही अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं ठरलं तर कॅप (केंद्रीभूत) प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी विहित नमुन्यातले दाखले लागतात. ते निकालानंतर पळापळ करून मिळतील असं समजू नकोस, आत्ताच कामाला लाग. आणि कुणीतरी तुला घटनेचं 371(जे) कलम सांगेल. ते कल्याण कर्नाटकासाठी (गुलबर्गा-बिदरकडचा भाग) आहे, बेळगाव जिल्ह्याला लागू नाही.

नोकरीचं खरं सांगतो. कॉम्प्युटर सायन्सवाल्या मैत्रिणीपेक्षा पहिला पगार कमी असेल. बहुतेक कामं सल्लागार कंपन्यांत मिळतात आणि ती प्रकल्पावर चालतात: आराखडा, वाहतूक अभ्यास, जीआयएस, पाणीपुरवठा. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. सरकारी म्हणशील तर कर्नाटकात नगर नियोजन खातं, नगर विकास प्राधिकरणं आणि महापालिका. महाराष्ट्रात नगररचना विभाग, ज्याचं मुख्यालय पुण्यात आहे. जागा थोड्या, जाहिराती अनियमित, आणि काही जाहिरातींत सिव्हिल किंवा आर्किटेक्चरची पदवी मागितलेली असते, म्हणून अर्हतेची ओळ नीट वाचत जा. बेळगावात परतायचं असेल तर कन्नड लिहिता-वाचता यायलाच हवं. नुसतं बोलून भागत नाही. केपीएससीला (कर्नाटक लोकसेवा आयोग) कन्नडचा पेपर आहे आणि कचेरीतली फाईलही कन्नडमध्येच असते. घरात यावरून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

परीक्षेपर्यंत हाताशी वेळ असेल तर दोन गोष्टी करून बघ. 2011च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका नेटवर फुकट मिळते. त्यात येळ्ळूर शोध, शेजारच्या चार गावांशी ताडून बघ. दुसरं, मोबाईलवर कर्नाटक सरकारचं दिशांक अॅप घे. उभी राहशील त्या जागेचा सर्व्हे नंबर ते दाखवतं. एका रविवारी शहापूरकडून येळ्ळूरपर्यंत चालत ये आणि कुठे शेत संपून बाँड पेपरवर विकलेले गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट सुरू होतात ते वहीत टिपून ठेव. रस्ता किती फुटी सोडलाय, गटार आहे का, विजेचा खांब कुठवर आलाय. हे आवडलं की कंटाळा आला, ते तुला तिथेच समजेल.

लॅपटॉपची घाई नको. पहिल्या वर्षी बरंच काम हाताने असतं. नंतर 16 जीबी रॅमचा साधा विंडोज लॅपटॉप पुरतो. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आत्ता घरच्या कॉम्प्युटरवरही चालेल. मराठी माध्यमातल्या मुलीला स्टुडिओत बोलायला जड जातं का, असंही खाली कुणीतरी विचारलंय. पहिले काही महिने जातं. नकाशा चांगला असेल तर ज्यूरी मोडक्या इंग्रजीकडे दुर्लक्ष करते, म्हणून आधी नकाशावर मेहनत घे.