जुन्या काळची डब्ल्यूडब्ल्यूएफ चांगली की आजची डब्ल्यूडब्ल्यूई? नव्याने बघायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

जुने कुस्तीगीर केवळ ठोसे मारत आणि दंड फुगवून दाखवत, त्यांना डाव असे फारसे येतच नव्हते, असे आपले मित्र म्हणतात, हे आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे. हेच वाक्य मी गेली अनेक वर्षे माझ्या तासगावच्या मेहुण्याच्या तोंडून ऐकत आलो असल्यामुळे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. माझे मत स्पष्ट आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूडब्ल्यूई ही एकाच अमेरिकी कुस्ती कंपनीची जुनी-नवी नावे, आणि तिची साधारण १९८७ ते २००१ या काळातील व्यावसायिक कुस्ती आजच्या कुस्तीपेक्षा सरस होती, आणि ज्यांना ती संथ वाटते त्यांनी कुस्तीऐवजी सर्कशीचे तिकीट काढावे.

निकाल आधीच ठरलेला असतो, हे कृपया कोणी मला समजावू नये. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीने स्वतःच हे सारे मनोरंजन असल्याचे मान्य केले होते, कारण तसे मान्य केल्याने क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करातून तिची सुटका होणार होती. ठरलेल्या निकालावर बघणाऱ्याचा विश्वास कसा बसवायचा, एवढाच या कलेतला खरा प्रश्न आहे आणि तुलना करायची तर त्यावरच करावी लागेल.

मेहुण्याचा आवडता दाखला म्हणजे २९ मार्च १९८७ ची, तिसऱ्या रेसलमेनियातील (म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमातील) हल्क हॉगन आणि आंद्रे द जायंट यांची कुस्ती. "दाजी, हॉगनला तीनच गोष्टी येत होत्या आणि आंद्रेला तेवढ्याही नाही," असे तो प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकवतो. तांत्रिकदृष्ट्या तो फारसा चुकत नाही. आंद्रेच्या पाठीवर आदल्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याला नीट हलताही येत नव्हते. परंतु त्या कुस्तीत काय घडते ते पाहा. सुरुवातीलाच हॉगन आंद्रेला उचलून आपटायला जातो, त्या वजनाखाली स्वतःच कोसळतो आणि तीन मोजण्याच्या आत जेमतेम सुटतो. त्यानंतरचा सारा वेळ तो पाठ धरून वावरतो आणि प्रेक्षकांच्या मनात एकच प्रश्न उरतो, की हा माणूस त्याला पुन्हा उचलायला धजेल का. शेवटी तो उचलतो, तेव्हा पॉन्टिअॅकचे ते अवाढव्य स्टेडियम उभे राहते. एक उचल फसली आणि एक साधली, एवढ्या भांडवलावर त्यांनी हजारो माणसे खिळवून ठेवली. मी ही कुस्ती झाली तेव्हा पाहिलेली नाही, पुष्कळ वर्षांनी कॅसेटवर पाहिली, तेव्हा निकालही मला ठाऊक होता. त्यामुळे हे बालपणीचे प्रेम बोलत आहे, असे कोणी म्हणू नये. (बालपणीचे प्रेम कुस्तीगिरांच्या चित्रांच्या ट्रम्प कार्डांवर होते आणि अंडरटेकर नावाचा कुस्तीगीर सात वेळा मरून उठला आहे, यावर आमच्या संपूर्ण वर्गाची श्रद्धा होती, हे वेगळे.)

हा वाद एकदाचा मिटावा म्हणून युक्ती मेहुण्यानेच काढली. आम्ही दोघे कुंडलचे कुस्ती मैदान बघून परतताना माझ्या आतेभावाकडे मुक्कामाला थांबलो होतो. आतेभाऊ तरुणपणी तालमीत होता आणि त्या रात्री त्याचे वस्ताद जेवायला आले होते. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही कान मोडलेले, जकार्तामध्ये १९६२ साली सुवर्णपदक मिळवणाऱ्या कवठेपिरानच्या मारुती माने यांच्या कुस्त्या प्रत्यक्ष पाहिलेले हे गृहस्थ दूरचित्रवाणीवरच्या कुस्तीला 'फ्रीस्टाईल' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई. दारा सिंग आणि किंग काँग यांच्या मुंबईतल्या लढतींविषयी त्यांनी ऐकले होते. दारा सिंगविषयी आदर होता, बाकी सारी नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, असे त्यांचे मत होते. मेहुणा त्यांना म्हणाला, "वस्ताद, आज तुम्हीच पंच. एक कुस्ती दाजींच्या आवडीची, एक माझ्या आवडीची. कुठली खरी वाटते ते सांगा."

मेहुण्याने आधी आपले अस्त्र काढले. २७ मे २०१६ रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये झालेली विल ऑस्प्रे आणि रिकोशे यांची ती कुस्ती त्याने मोबाइलवरून टीव्हीवर लावली. ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवत असेल, की सुरुवातीलाच दोघेही एकमेकांचे डाव चुकवत कोलांट्या मारतात, एकाच क्षणी जमिनीवर उतरतात, सारख्याच पवित्र्यात एकमेकांकडे बघत थांबतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. याच कुस्तीवर व्हेडरसारख्या जुन्या मल्लाने जाहीर टीका केली होती आणि त्या वादातूनच पुढे त्याची ऑस्प्रेशी लंडनमध्ये गाठ पडली. वस्ताद मन लावून बघत होते. "पोरांची अंगं सोन्यासारखी हायत," असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि मेहुण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. थोड्या वेळाने वस्ताद म्हणाले, "सलामी लई झाली. आता धरा की." आतेभाऊ हसू लागला, पण ते थट्टा करत नव्हते, त्यांना खरोखरच लढत अजून सुरू व्हायची आहे असे वाटत होते. पुढे एकाने हवेत झेप घेतली तेव्हा त्यांनी विचारले, की खालचा गडी बाजूला का होत नाही, तो त्याची वाट का बघतोय. मेहुण्याकडे याचे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

मग माझी पाळी आली. मी २३ मार्च १९९७ ची, तेराव्या रेसलमेनियातील ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची कुस्ती लावली. अट अशी होती, की समोरच्याला शरण आणल्याखेरीज विजय नाही, आणि पंच म्हणून केन शॅमरॉक उभा होता. सुरुवातीची काही मिनिटे माझी चांगलीच पंचाईत झाली. दोघे प्रेक्षकांत शिरून मारामारी करू लागले आणि वस्ताद म्हणाले, "ही तर बाजारातली भांडणं." मेहुणा खूश झाला. परंतु रिंगमध्ये परतल्यावर हार्टने ऑस्टिनचा पाय धरला आणि तो सोडलाच नाही. त्याने गुडघ्यावर घाव घातले, लोखंडी खांबाभोवती पायाला पेच मारला. वस्ताद लोडाला टेकले होते ते सरळ बसले. यापुढे त्यांचे लक्ष हार्टकडे नव्हते, ते केवळ ऑस्टिनची चाल बघत होते. पाय गेलेला पैलवान वजन कुठल्या बाजूला टाकतो, उठताना आधी कुठला हात टेकतो, हे ते आतेभावाला हाताने दाखवू लागले, आणि ऑस्टिन पडद्यावर नेमके तेच करत होता. तो प्रतिहल्ला करताना लंगडत होता, खुर्ची मारताना लंगडत होता, सरशी झाली तेव्हाही लंगडत होता.

शेवटी हार्ट शार्पशूटर हा पाय मुरगळणारा पेच लावतो आणि ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताची धार तोंडावर येते, तो किंचाळतो, शरण मात्र जात नाही आणि तशाच स्थितीत बेशुद्ध होतो, हे दृश्य या खेळाच्या चाहत्यांना सांगायला नको. हा पेच मातीत लागायचा नाही, असा निर्वाळा वस्तादांनी लगेच दिला, आणि तो खरा असावा. तरीही शॅमरॉकने लढत थांबवली तेव्हा ते म्हणाले, "हरला न्हाई त्यो." त्यानंतर हार्ट बेशुद्ध माणसाला पुन्हा मारू लागतो, तेव्हा त्यांनी हार्टला एक अस्सल सातारी शिवी हासडली. पुढे ऑस्टिन कोणाचाही आधार न घेता एकटा लंगडत आत जातो. मेहुणा काही बोलू लागला, तर वस्तादांनी त्याला हाताने गप्प केले आणि ऑस्टिन दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या रात्री रिंगमध्ये येताना हार्ट लोकांचा लाडका होता आणि ऑस्टिन खलनायक होता, आणि लढत संपली तेव्हा दोघांच्या भूमिका पूर्णपणे उलटल्या होत्या. अमेरिकेतले लेखक या अदलाबदलीवर आजही लिहितात. इंग्रजीचा एक शब्द न समजणाऱ्या आणि आधीचे कथानक ठाऊक नसलेल्या एका वृद्ध पैलवानाला ती अदलाबदल एका बैठकीत कळली. याला मी कुस्ती म्हणतो. मेहुण्याचे म्हणणे असे, की वस्तादांनी नंतर "रक्त कशाला काढायचं?" असेही विचारले, म्हणून निकाल बरोबरीचा. मग त्याने बरोबरी मोडण्यासाठी कर्ट अँगलची एक कुस्ती लावली, वस्तादांनी "ह्याची पकड खरी हाय" असे प्रमाणपत्र दिले आणि मेहुण्याने तो गुण स्वतःच्या खात्यात टाकला. अँगल १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता आणि डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला १९९९ मध्ये, म्हणजे माझ्याच काळात. तो गुण माझा आहे.

आजच्या कुस्तीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे, की तिथे झालेले काही टिकत नाही. जेक रॉबर्ट्सचा डीडीटी, म्हणजे समोरच्याचे डोके काखेत धरून खाली आपटण्याचा डाव, एकदा बसला की १९८० च्या दशकात लढत संपत असे. आज तोच डीडीटी मधल्या वेळात दम खाण्यासाठी वापरतात. शॉन मायकल्सची सुपरकिक, म्हणजे हनुवटीवर बसणारी लाथ, त्याच्या लढतीचा पूर्णविराम होती. आज एकाच लढतीत ती दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा पडते, की मोजण्याचा कंटाळा येतो. ५ एप्रिल २००९ रोजी पंचविसाव्या रेसलमेनियात मायकल्स अंडरटेकरच्या टूमस्टोनमधून (उलटे धरून डोक्यावर आपटण्याच्या डावातून) तीन मोजण्याआधी सुटला, तेव्हा अंडरटेकरच्या चेहऱ्यावरची अविश्वासाची छटा अप्रतिम होती, कारण त्या डावाची पत वीस वर्षांत कमावलेली होती. त्या एका रात्रीपुरते ते योग्य होते. पुढे प्रत्येक मोठ्या लढतीत प्रत्येकाने प्रत्येकाच्या अंतिम डावातून सुटायला सुरुवात केली आणि वीस वर्षांची ती पत दहा वर्षांत उधळली गेली.

याला कुस्तीगीर जबाबदार आहेत असे मला वाटत नाही. रॉ हा कंपनीचा दर सोमवारचा कार्यक्रम जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा तासाभराचा होता, जुलै २०१२ पासून तो तीन तासांचा झाला, आणि मोठे कार्यक्रम वर्षाला चार-पाच होते ते १९९५ नंतर महिन्याला एक झाले. एवढा वेळ भरायचा म्हटल्यावर ज्या लढतीसाठी पूर्वी वर्ष थांबावे लागे, ती कुठल्याही सोमवारी दाखवावी लागते आणि तिला महत्त्व आहे असे भासवण्यासाठी उड्या वाढवाव्या लागतात.

आता काही गोष्टी आजच्या बाजूने मान्य केल्या पाहिजेत. स्त्रियांची कुस्ती आमच्या काळात लाज वाटावी अशी होती. २०१९ च्या रेसलमेनियात स्त्रियांची लढत सर्वांत शेवटी, मुख्य म्हणून झाली, हे आमच्या काळात कोणी स्वप्नातही आणले नसते. डोक्यावर खुर्ची मारण्यावर २०१० मध्ये बंदी आली ती फार उशिरा आली. मी ज्यांचे गोडवे गातो त्यांतील कितीतरी जण अकाली गेले, आणि १९९९ मध्ये ओवेन हार्ट छतावरून रिंगमध्ये उतरवला जात असताना पडून मरण पावला, तो माझ्याच 'सोन्याच्या' काळात. शिवाय सारे काही आधी बसवून घेण्याचा दोष केवळ आजच्यांना देता येत नाही, कारण रँडी सॅव्हेजने रिकी स्टीमबोटबरोबरची १९८७ ची लढत पायरीपायरीने आखून घेतली होती, आणि ती तर माझ्या मते त्या दशकातील सर्वोत्तम लढत आहे. फरक इतकाच, की ती आखलेली आहे हे बघताना कळत नाही.

आपण सुरुवात कुठून करावी, असे विचारले आहे. सॅव्हेज आणि स्टीमबोट यांच्या लढतीपासून करावी. ती पंधरा मिनिटांच्या आतली आहे आणि जुनी कुस्ती संथ होती हा गैरसमज तिथेच संपेल. त्यानंतर हार्ट आणि ऑस्टिन, आणि मग थेट ३ सप्टेंबर २०२२ ची, कार्डिफमधील गुंथर आणि शेमस यांची लढत. छातीवर थापडा मारून मारून त्यांनी एकमेकांची कातडी लाल केली आहे आणि जुन्या पद्धतीने आजही कुस्ती करता येते याचा तो पुरावा आहे. चालू कार्यक्रम एप्रिल २०२५ पासून भारतात नेटफ्लिक्सवर आहेत. जुन्या लढती कंपनीच्या यूट्यूब वाहिनीवरही शोधल्यास सापडतात. ट्रिपल एच, रॉक आणि सीना यांच्याविषयी आपण विचारले आहे, पण त्यांचे चाहते येथे पुष्कळ आहेत, ते लिहितीलच.

आपल्या मित्रांनी तरीही हॉगनचे नाव काढले, तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याबरोबर बसून ती उचल फसल्यानंतरची दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून बघा. माझा मेहुणा हे उत्तर वाचणार आहे, याची मला खात्री आहे. त्याला खाली काही लिहायचेच असेल, तर ऑस्प्रे आणि रिकोशे यांच्या त्या लढतीत कोणाचा कोणता अवयव दुखावला होता आणि तो शेवटपर्यंत दुखत राहिला का, एवढेच त्याने लिहावे.