लॉर्ड आणि लेडी हे शब्द मुळात कुठून आले, एकमेकांशी काही नातं आहे का?

हो आहे, आणि ते नातं चक्क पावाचं आहे! जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजारेक वर्षांपूर्वी, पावाला 'ह्लाफ' म्हणायचे, आजचा 'लोफ' तोच. त्यावरनं 'ह्लाफवेअर्ड' म्हणजे पाव राखणारा, घरातल्या सगळ्यांच्या अन्नाची जबाबदारी ज्याच्यावर तो, आणि हाच शब्द झिजत झिजत 'लॉर्ड' झाला. लेडी म्हणजे 'ह्लॅफदिये', पावाचं पीठ मळणारी. आणि मला सगळ्यात आवडतो तो तिसरा शब्द, 'ह्लाफअॅटा', पाव खाणारा, म्हणजे त्या घरचा नोकर, आपण 'त्याचं मीठ खाल्लंय' म्हणतो ना अगदी तसंच, पण हा शब्द पुढे टिकलाच नाही.

लेडीतला तो 'मळणं' वाला भाग 'डो' म्हणजे मळलेल्या पिठाच्या कुळातला, 'डेअरी' पण तिथूनच आलाय, कारण पीठ मळणारी बाई हळूहळू घरातली कामवाली आणि मग दूधदुभतं बघणारी झाली. आता गंमत बघा, याच कुळातला एक शब्द आपण रोज वापरतो, संस्कृतमधला 'देह'! भाषातज्ज्ञ दोन्हींचं मूळ एकच मानतात, मळून आकार देणं.